लघुप्रतिकृती आणि कॅमेऱ्याची निवड

महिनोन्महिने खपून, चिमट्याने एकेक भाग चिकटवून सिद्ध केलेले विमान छायाचित्रात मात्र खेळण्यासारखे दिसते, असा अनुभव लघुप्रतिकृती बनविणाऱ्यांना हमखास येतो. मुलाचा हिरमोड पाहून घरातील वडीलधारी मंडळी अधिक महागडा कॅमेरा घेऊन देण्यास तयार होतात. हिशेब चुकतो तो येथेच.

१:७२ या प्रमाणात सहा फुटी वैमानिक जेमतेम अडीच सेंटिमीटर उंचीचा होतो. एवढ्या लहान वस्तूजवळ भिंग नेले की स्पष्ट दिसणारा पट्टा अगदी अरुंद होतो. विमानाचे नाक ठळक आणि शेपटी धूसर. खरे विमान माणूस दुरून पाहतो, म्हणून ते त्याला टोकापासून टोकापर्यंत स्पष्ट दिसते. ती धूसर शेपटीच वस्तूच्या लहानपणाची चुगली करते.

मोठा सेन्सर म्हणजे चांगला कॅमेरा, हे समीकरण दुकानांत नेहमी ऐकू येते. मंद प्रकाशात ते खरेही आहे. परंतु अंतर, चौकट आणि ॲपर्चरचा आकडा तोच ठेवला, तर ३६ × २४ मिलिमीटरच्या फुल फ्रेम सेन्सरपेक्षा १७.३ × १३ मिलिमीटरचा फोर थर्ड्स सेन्सर अधिक खोलीपर्यंत स्पष्टता देतो. शिवाय टेबलावरील विमान हलत नाही. ट्रायपॉड आणि सेल्फ टायमर असला की सेकंदभराचे एक्स्पोजरही निर्धास्तपणे देता येते. मेगापिक्सेलचा आकडा तर येथे गौणच.

पाहावयाचे ते हे की, ॲपर्चर स्वहस्ते ठरविता येते काय. एफ/८, एफ/११ पर्यंत जावे. छिद्र फारच बारीक केल्यास विवर्तनामुळे सारेच चित्र मऊ पडते. दुसरे, मॅक्रोची सोय झूमच्या कोणत्या टोकाला चालते. अनेक छोट्या कॅमेऱ्यांत ती केवळ वाइड टोकाला नीट चालते. कॅमेरा इतका जवळ न्यावा लागतो की त्याचीच सावली विमानावर पडते आणि नाक भोपळ्यासारखे फुगते. काही कॅमेरे, उदाहरणार्थ २०१९ चा ऑलिंपस टीजी-६, निरनिराळ्या अंतरांवर फोकस केलेली चित्रे आतल्या आत जोडून एकच स्पष्ट चित्र देतात. ही सोय प्रतिकृतींसाठी मोलाची आहे.

खरेदीस जाताना प्रतिकृती आणि स्वतःचे मेमरी कार्ड सोबत न्यावे. दुकानातच चार चित्रे टिपून घ्यावीत, घरी मोठ्या पडद्यावर शेपटी न्याहाळावी आणि मगच पैसे मोजावेत. अंगठ्या-कर्णफुलांची छायाचित्रे काढणाऱ्या सराफी पेढ्यांनाही हीच कसोटी लागू पडते.