मृगात माळी कुठे जातो?

हुबळी-धारवाडात घराभोवती थोडीबहुत मोकळी जागा राखून असलेल्या माणसाला दरवर्षी एक कोडं पडतं. मार्च-एप्रिलमध्ये आवारात वाळक्या पानांखेरीज काही नसतं, तेव्हा 'काम आहे का' विचारत गडी फाटकाशी उभा राहतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गवत घोट्याला लागतं आणि तोच गडी फोन उचलत नाही. उचललाच तर उत्तर ठरलेलं असतं, 'बित्तगी मुगीली, बर्तेन्री अक्कार.' पेरणी आटपू दे, येतो म्हणे.

मग धारवाडच्या माळमड्डीपासून हुबळीच्या विद्यानगरपर्यंत एकच तक्रार ऐकू येते: हल्ली माणसं मिळत नाहीत, मिळाली तर टिकत नाहीत, आळशी झालीत. मला हे बोलणं खोटं वाटतं. तो माणूस त्या वेळी तुमच्याआमच्यापेक्षा जास्तच राबत असतो, फक्त आपल्या आवारात नसतो. जुळ्या शहरांतली आवारं साफ करणारे बरेचसे लोक आसपासच्या खेड्यांतून येतात. कुणाची स्वतःची दोन-चार एकर असते, कुणी दुसऱ्याच्या रानात रोजाने जातो. मृगाचा पाऊस झाला की मूग, सोयाबीन, भुईमूग यांची पेरणी. तीन आठवड्यांनी भांगलण. ऑगस्ट-सप्टेंबरात मुगाची काढणी, आणि ती उरकते न उरकते तोच जोंधळा, हरभरा, गहू यांची रब्बी पेरणी. जो पाऊस त्याच्या रानात पडतो तोच आपल्या परसात पडतो, त्यामुळे दोन्हीकडे काम एकाच दिवशी निघतं. अशा वेळी तो आपल्याकडे का येईल?

म्हणून 'स्वतः करावं की माणूस लावावा' या प्रश्नाचा निकाल इथे पैशावर लागत नाही, महिन्यावर लागतो. पावसाळ्यातली कामं आपल्या हातची, उन्हाळ्यातली गड्याची, अशी वाटणी मला सर्वांत शहाणपणाची वाटते. त्यामागे मजुरांच्या वेळापत्रकाइतकंच मातीचंही कारण आहे.

धारवाड दोन मुलखांच्या सीमेवर वसलेलं आहे. पश्चिमेला कलघटगी-अळणावरच्या बाजूने मलनाड सुरू होतो, तिकडे तांबडी माती. पूर्वेला हुबळी ओलांडून नवलगुंद-अण्णिगेरीकडे गेलं की सपाट काळं रान. ही काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते आणि बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती भरपूर असते, तिचा हा गुण. बागकामाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की ओली असताना ती खुरप्याला लोण्यासारखी चिकटते आणि वाळल्यावर कुदळ तिच्यावरून उडते. मधले काही दिवस तेवढे कामाचे. शेतकरी त्याला वापसा म्हणतो. वापसा आला का हे बघायला उपकरण लागत नाही. वीतभर खालची मूठभर माती घ्यायची, दाबून गोळा करायचा आणि अंगठ्याने टोचायचा. फुटून भुगा झाला तर वापसा आला, अंगठा रुतला तर अजून दोन दिवस थांबायचं. तांबडी माती याबाबतीत दयाळू आहे, तिचा वापसा लवकर येतो आणि ती सवलतही जास्त देते.

आता पाऊस उघडल्यावरचे हे चार दिवस तुम्ही गड्याच्या डायरीशी कसे जुळवणार? तो 'रविवारी' म्हणतो आणि शनिवारी रात्री पुन्हा कोसळतो. उलट घरात राहणाऱ्या माणसाला सकाळी चहाआधी अर्धा तास पुरतो. भिजून सैल झालेल्या मातीतलं कोवळं तण चिमटीनेही मुळासकट येतं, त्याला ताकद लागत नाही, वेळेवर वाकावं लागतं. पंधरा दिवस गेले की त्याच तणाला विळा आणि दिवसभराचा गडी लागतो.

तणांत इथला खरा शत्रू काँग्रेस, म्हणजे गाजरगवत. १९५५ च्या सुमारास पुण्यात ते पहिल्यांदा लक्षात आलं, आणि कर्नाटक सरकारने १९७५ मध्ये कायद्याने त्याला उपद्रवी तण ठरवलं. कायदा अजून आहे आणि गवतही आहे. मेक्सिकोतला त्याची पानं खाणारा भुंगा १९८४ मध्ये बंगळूरला सोडण्यात आला. धारवाड कृषी विद्यापीठाचे माजी कुलगुरू एम. महादेवप्पा यांनी या तणावर बरंच काम केलं. टाकळ्याच्या कुळातली झाडं वाढू दिली तर ती गाजरगवताला मागे रेटतात, हा त्यातला घरगुती माणसाला जमण्यासारखा मार्ग. गाजरगवताच्या एका झाडाला हजारोंनी बिया येतात आणि उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलावर येतं. म्हणजे जूनमधलं गवत जुलैत उपटलं नाही, तर पुढच्या कित्येक वर्षांचं पेरून ठेवलं. याच्या परागाने आणि रसाने अनेकांची कातडी उठते. ज्याला एकदा असं झालंय त्याने हातमोजे घालूनसुद्धा याच्या वाटेला जाऊ नये. माणूस लावावा आणि त्याला हातमोजे द्यावेत. गड्याची कातडी जाड असते हा आपला समज सोयीचा आहे, वैद्यकीय नाही.

उन्हाळ्यात मात्र चित्र उलटं असतं. रान मोकळं, गडी मोकळा, काम जड. नव्या झाडांचे खड्डे घ्यायचे, सुकलेल्या फांद्या उतरवायच्या, गटारं उपसायची, मेंदीचं कुंपण छाटायचं, ही कामं एप्रिल-मेमध्ये काढावीत. वळवाच्या एक-दोन सरी येऊन गेल्या की खणणं सोपं जातं. साठीच्या माणसाने भर उन्हात कुदळ मारून पाठ धरून बसण्यात कसलंच स्वावलंबन नाही. तारांना टेकलेल्या फांदीला तर आपणही हात लावू नये आणि गड्यालाही लावू देऊ नये. ते काम वीजपुरवठा करणाऱ्या हेस्कॉमचं. नारळाच्या झाडाचंही तसंच, ते काम चढणाऱ्याचं. चढणारे इतके कमी झाले, की नारळ विकास मंडळाला २०११ मध्ये केरळात तरुणांना यंत्राने चढायचं शिकवणारी खास योजना काढावी लागली. आपल्याकडे ज्याच्याकडे चढणाऱ्याचा नंबर आहे, त्याला गल्लीत मान असतो.

पण माणूस लावला म्हणजे आपली जबाबदारी संपली असं होत नाही. आंब्याचंच बघा. धारवाडचा आपूस नावाजलेला, आणि जुन्या आवारांतून एखादं तरी आंब्याचं झाड असतंच. त्याची छाटणी फळ उतरल्यावर लगेच करायची असते. नोव्हेंबरात गड्याला सवड झाली, 'झाड फार पसरलंय' म्हणत त्याने कोयता चालवला, की मोहर धरण्याजोग्या फांद्याच जातात आणि मालकीणबाई पुढच्या मे महिन्यात हवामानाला दोष देतात. गडी वाईट नसतो. फांदी तोडायला सांगितली, त्याने तोडली. केव्हा तोडायची हे सांगणाऱ्याला माहीत असावं लागतं, आणि ते वर्षभर झाडाकडे बघणाऱ्यालाच कळतं. झाडच पाडायचं असेल तर आणखी एक गोष्ट. कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा १९७६ चा आहे आणि स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही त्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. काही जाती वगळल्या आहेत, पण आपलं झाड त्यांत बसतं का हे कोयता लागण्याआधी विचारावं.

'उपटत कशाला बसता, औषध मारतो,' असंही गडी सुचवतो. तणनाशकाने आठवड्यात सगळं पिवळं पडतं, दिसायला काम झालेलं दिसतं. ते बहुधा ग्लायफोसेट असतं, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याची फवारणी फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांपुरती मर्यादित केली. पाठीवर पंप आणि तोंडाला पंचा बांधून फवारणारा आपला गडी त्यांत मोडत नाही. पानं जाळण्याचंही तेच. २०१६ च्या घनकचरा नियमांनी बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवायला सांगितलं होतं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये दंड सांगितला. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी तर पालापाचोळ्यावरच बाग उभी करायला माणसांना शिकवलं. कोपऱ्यात एक खड्डा, त्यात पानं, वर थोडं शेण आणि मोरीचं पाणी. बाकी केळ आणि अळू बघून घेतात.

आता मजुरीचं. रोजगार हमीचा कर्नाटकातला दर २०२४-२५ मध्ये दिवसाला ३४९ रुपये होता. शहरात या पैशात कुणी येत नाही, यावंही असं नाही. पण मला खटकतं ते वेगळंच. भांगलणीला बाई येते आणि फांद्या तोडायला पुरुष येतो. दोघं सकाळपासून संध्याकाळपर्यंत राबतात, पैसे मात्र बाईला कमी. समान वेतनाचा कायदा १९७६ साली आला, म्हणजे वर सांगितलेल्या झाडांच्या कायद्याचा जुळा भाऊ. झाडाची परवानगी काढायला धावणारे आपण बाईच्या हातावर पैसे ठेवताना समान वेतन विसरतो. जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना बसला पैसे लागत नाहीत, तेव्हा 'आता बसभाडं वाचतं ना' म्हणून रोज कमी करणारे महाभागही असतात.

हिरवळीबद्दल दोन शब्द, कारण नव्या बंगल्यांत तिची हौस वाढली आहे. गवत कापायचं यंत्र एडविन बडिंग या इंग्रजाने १८३० मध्ये केलं. कापडावरची लव कातरणारं यंत्र पाहून त्याला ते सुचलं. ते चालवण्यात सभ्य गृहस्थांना आरोग्यदायी व्यायाम मिळेल, असंही त्याने सांगून ठेवलं होतं. गृहस्थांनी यंत्र घेतलं आणि चालवायला नोकर ठेवला. जिथे नळाला रोज पाणी येईल याची खात्री नाही, तिथे हिरवळ म्हणजे स्वतः न करता येणारं आणि दुसऱ्याकडून करून घेणं न परवडणारं काम. तिच्याऐवजी अबोली, जास्वंद आणि दोन वाफे मेथीचे लावावेत.

सगळं स्वतः करूनही एक गोष्ट आपल्या हातात राहत नाही, ती म्हणजे शेजारचा रिकामा प्लॉट. मालक पुण्यात, बंगळूरला किंवा थेट अमेरिकेत. तिथलं काँग्रेस आपल्या कुंपणावरून बिया फेकत राहतं. अशा वेळी आजूबाजूच्या पाच-सहा घरांनी वर्गणी काढून माणसं लावणं एवढाच उपाय उरतो, आणि तो जूनच्या अखेरीला करावा. तण तेव्हा फुलावर आलेलं नसतं. गड्याचीही पेरणी उरकलेली असते, भांगलणीला अजून अवकाश असतो, आणि नेमके ते आठ-दहा दिवस तो फोन उचलतो.