मान्यता, मंजुरी आणि परवानगी

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात पांझरा नदीकाठी वसलेले पिंपळनेर हे पश्चिमेकडील डोंगराळ भागातील कोकणा, भिल्ल व मावची शेतकऱ्यांचे बाजाराचे गाव होय. कचेरीतून येणारा जो मराठी कागद या शेतकऱ्याच्या हाती पडतो, त्यातील पुष्कळशा क्रियापदांच्या मागे एखादे इंग्रजी क्रियापद उभे असते. 1960 साली भाषा संचालनालय स्थापन झाले व 1964 मध्ये राजभाषा अधिनियम संमत झाला. तेव्हापासून परिभाषा घडविणाऱ्यांपुढे असलेले एक अवघड काम म्हणजे जवळजवळ समान अर्थाच्या इंग्रजी क्रियापदांना निरनिराळे मराठी शब्द देणे.

‘परमिट’, ‘अप्रूव्ह’ आणि ‘सँक्शन’ ही क्रियापदे पाहावीत. बोलताना तिन्हींसाठी ‘मंजूर झाले’ एवढे म्हटले तरी भागते. कायद्यात भागत नाही. ‘परमिट’ म्हणजे परवानगी देणे, एरवी ज्याला मनाई आहे ते करू देणे. ‘अप्रूव्ह’ म्हणजे दुसऱ्याने मांडलेला प्रस्ताव योग्य ठरवून त्यास मान्यता देणे. ‘सँक्शन’ करणारा मात्र स्वतःचा अधिकार वापरून ती गोष्ट अमलात येण्याजोगी करतो, ती मंजुरी. हा भेद शासकीय व्यवहारातही नेहमी पाळला जातो असे नाही. बांधकामाच्या ‘टेक्निकल सँक्शन’ला सर्रास ‘तांत्रिक मान्यता’ म्हटले जाते, आणि तेथे त्यामुळे फारसे बिघडत नाही.

जमिनीच्या बाबतीत मात्र बिघडते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये 1974 च्या सुधारणेने कलम 36-अ आले. त्यानुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्याने वा गहाणाने जावयाची असल्यास जिल्हाधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते. विक्रीसारख्या अन्य हस्तांतरणास तीच मंजुरी लागते. परंतु ती देण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्याने राज्य शासनाची मान्यता घेतलेली असावी लागते. म्हणजे एकाच तरतुदीत ‘सँक्शन’ आणि ‘अप्रूव्ह’ दोन्ही आहेत, आणि दोन निरनिराळ्या पायऱ्यांवर आहेत. दोहोंसाठी एकच शब्द योजला, तर वरची पायरी वाचणाऱ्याच्या दृष्टीआड होते आणि केवळ जिल्ह्याच्या कागदावर विक्री पुरी झाली असा समज होऊ शकतो.

वनजमिनीसंबंधीच्या 2006 च्या अधिनियमात शब्दाची निवड अधिकच अर्थपूर्ण आहे. वनहक्क ‘ग्रांट’ केले, म्हणजे बहाल केले, असे तो म्हणत नाही. तो हक्क ‘रेकग्नाइझ’ करतो. जे बहाल केले जाते ते पूर्वी नव्हते असे गृहीत असते. जे मान्य केले जाते ते आधीपासूनच होते, केवळ त्याची नोंद झाली नव्हती. म्हणून ‘शासनाने जमीन वाटली’ हे बोलणे ऐकावयास कितीही बरे वाटले, तरी या अधिनियमाचा अर्थ तो नव्हे.

दावेदाराला सर्वांत निकडीचा भेद ‘रिजेक्ट’ आणि ‘रिमांड’ यांतील आहे. ग्रामसभेचा ठराव अपुरा आढळल्यास उपविभागीय वा जिल्हास्तरीय समितीने दावा फेटाळावयाचा नसून फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवावयाचा असतो, असे 2012 च्या सुधारित नियमांत आहे. परत आलेला दावा जिवंत असतो. त्याला पुरावा जोडता येतो. ग्रामसभेने दावा फेटाळला, किंवा उपविभागीय समितीने तो फेटाळण्याची शिफारस केली, तर ते दावेदाराला समक्ष कळवावे लागते, आणि कळविल्यापासून साठ दिवसांत त्याला वरच्या समितीकडे अर्ज करता येतो.