विश्लेषण : सोनोग्राफीत जे कळत नाही, ते ‘स्किन्टीग्राफी’त कसे कळते?

गर्भातच बाळाच्या एका किडनीला सूज दिसली आणि जन्मानंतरही ती उतरली नाही, तर आई-वडिलांसमोर प्रश्न उभा राहतो : ऑपरेशन करायचे की थांबायचे? किडनी किती फुगली आहे हे सोनोग्राफी सांगते. पण ती काम किती करते, हे त्यातून कळत नाही. अशा वेळी डॉक्टर ‘डीटीपीए’ किंवा ‘ईसी’ स्कॅन लिहून देतात. बोन स्कॅन, थायरॉइड स्कॅन, हृदयाची ‘स्ट्रेस थॅलियम’ या चाचण्याही याच कुटुंबातल्या. (थॅलियमच्या जागी आता बहुतेक ठिकाणी टेक्नेशियम वापरतात, नाव मात्र जुनेच चिकटून राहिले आहे.) या साऱ्यांना मिळून म्हणतात स्किन्टीग्राफी.

किरण येतात कुठून?

एक्स-रे आणि सीटी स्कॅनमध्ये यंत्र किरण सोडते. इथे नेमके उलटे असते. किरणोत्सर्गी औषधाची अत्यल्प मात्रा शिरेतून देतात, ते ठरावीक अवयवात जाते आणि तिथून गॅमा किरण बाहेर पडतात. रुग्णाजवळ आणलेला अवजड गॅमा कॅमेरा स्वतः काहीच सोडत नाही, तो फक्त टिपतो. आतल्या सोडियम आयोडाइडच्या स्फटिकावर किरण आदळला की प्रकाशाची बारीक ठिणगी उडते. लॅटिनमध्ये ठिणगीला ‘सिन्टिला’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. अमेरिकी अभियंता हॅल अँगर यांनी हा कॅमेरा १९५०च्या दशकात बर्कलीमध्ये बनवला. त्यांची मूळ कल्पना अजूनही वापरात आहे.

बहुतेक स्कॅनमध्ये टेक्नेशियम-९९एम हेच मूलद्रव्य असते. ते कुठे जाणार, हे त्याला जोडलेले रसायन ठरवते : ‘एमडीपी’ जोडले की हाडांत, ‘डीएमएसए’ जोडले की किडनीच्या बाहेरच्या थरात.

आकडा महत्त्वाचा का?

सुजलेल्या किडनीकडे परत येऊ. औषध दिल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास सलग चित्रे घेतली जातात. मध्येच लघवी वाढवणारे इंजेक्शन देतात. औषध भराभर वाहून गेले तर फुगवटा असला तरी वाट मोकळी आहे. आत साचून राहिले तर अडथळ्याचा संशय बळावतो. शिवाय एकूण कामात कोणत्या किडनीचा वाटा किती, हेही टक्क्यांत मिळते. दोन्ही निरोगी असतील तर तो साधारण ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान असतो. सुजलेल्या किडनीचा वाटा टिकून असेल आणि निचरा ठीक असेल, तर अनेक बाळांना केवळ देखरेखीवर ठेवता येते. पुढच्या स्कॅनमध्ये तो घसरला, तर ऑपरेशनचा विचार होतो. म्हणून जुना अहवाल जपून ठेवा. तुलना त्याच्याशीच होते.

थायरॉइडमध्येही असेच. रक्ततपासणीत थायरॉइडचे हार्मोन वाढलेले दिसते, छाती धडधडते, वजन उतरते. पण ग्रंथी खरोखर जास्त हार्मोन बनवते आहे, की सुजेमुळे आधीच साठलेले हार्मोन गळते आहे? पहिल्या प्रकारात ग्रंथी स्कॅनवर गडद उमटते, दुसऱ्यात जवळपास दिसतच नाही. हार्मोननिर्मिती रोखणाऱ्या गोळ्या दुसऱ्या प्रकारात निरुपयोगी असतात.

बोन स्कॅनमध्ये सगळा सांगाडा एकाच चित्रात येतो. स्तनाचा किंवा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरला आहे का, हे एक्स-रेच्या बऱ्याच आधी कळू शकते. मात्र झिजलेला गुडघा किंवा भरत आलेले फ्रॅक्चरही तसेच गडद दिसते. आणि मायलोमासारख्या आजारात हाड पोखरले जात असूनही स्कॅन अनेकदा स्वच्छ येतो. अहवालातला ‘वाढीव शोषण’ हा शब्द वाचून लगेच इंटरनेटवर शोधाशोध करू नये, ती याचसाठी.

फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकल्याचा संशय असेल आणि किडनी कमजोर असल्यामुळे सीटीचे कॉन्ट्रास्ट देता येत नसेल, तेव्हाही फुप्फुसाचा स्कॅन उपयोगी पडतो.

भीती किती बाळगायची?

टेक्नेशियमचे अर्धायुष्य सहा तास. म्हणजे २४ तासांत मूळ मात्रेचा सोळावा भागच उरतो, आणि लघवीवाटे जाते ते वेगळेच. बोन स्कॅनमधून मिळणारा किरणोत्सर्ग साधारण ४ ते ५ मिलिसिव्हर्ट. निसर्गातून माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतोच. तरीही गर्भवती असल्यास किंवा बाळाला अंगावर पाजत असल्यास आधीच सांगावे. स्कॅननंतर भरपूर पाणी प्यावे आणि त्या दिवशी तान्ह्या बाळाला फार वेळ कडेवर घेऊ नये.

दोन गोष्टी हमखास राहून जातात. नुकताच कॉन्ट्रास्ट देऊन सीटी झाला असेल तर त्यातल्या आयोडीनमुळे थायरॉइड स्कॅन काही आठवडे बिघडू शकतो. आणि औषध देऊन होणाऱ्या हृदयाच्या स्ट्रेस चाचणीआधी चहा-कॉफी बंद ठेवायला सांगतात, तेव्हा सकाळचा एक कपही चालत नाही.

अपॉइंटमेंट पाळण्याचा आग्रह का?

टेक्नेशियम साठवून ठेवता येत नाही. ६६ तासांचे अर्धायुष्य असलेल्या मॉलिब्डेनम-९९पासून ते जनरेटरमध्ये बनत राहते आणि रुग्णालयात रोज सकाळी काढून घेतात. या कामाला इंग्रजीत चक्क ‘दूध काढणे’ म्हणतात! मॉलिब्डेनम मुख्यतः मोजक्या अणुभट्ट्यांत तयार होते. २००९ मध्ये कॅनडातील चॉक रिव्हरची अणुभट्टी बंद पडली, तेव्हा जगभर टंचाई झाली होती. भारतात वाशीचे ‘ब्रिट’ म्हणजे विकिरण व समस्थानिक प्रौद्योगिकी मंडळ रुग्णालयांना किरणोत्सर्गी औषधे पुरवते.

तुमचा डोस त्या सकाळी तुमच्याच वेळेचा हिशेब करून भरलेला असतो. जाणे जमणार नसेल, तर आदल्या दिवशीच विभागाला फोन करा, म्हणजे ती वेळ दुसऱ्या रुग्णाला देता येते.