चर्चमध्ये रंगते मैफल!

ऑफिसात डेडलाइन डोक्यावर असली की मी हेडफोन लावते आणि अठरा मिनिटांचं एकच गाणं ऐकते, आर्लो गथ्रीचं ‘अ‍ॅलिसेस रेस्टॉरंट’. त्यातलं चर्च खरंखुरं आहे बरं का!

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, ग्रेट बॅरिंग्टन या गावाजवळ १८२९ साली ते बांधलं गेलं. १९६४मध्ये अ‍ॅलिस आणि रे ब्रॉक या जोडप्याने चक्क तिथे संसार थाटला. १९६५च्या थँक्सगिव्हिंगला मित्रमंडळी जेवायला जमली. चर्चमध्ये साठलेला ढीगभर कचरा टाकायला अठरा वर्षांचा आर्लो निघाला, तर कचरा डेपो बंद! मग कचरा गेला उतारावर आणि स्वारी पोलिसांच्या हाती. १९६७मध्ये त्याचंच गाणं झालं, १९६९मध्ये आर्थर पेनचा सिनेमा.

खरी गंमत पुढेच. १९९१मध्ये हे चर्च आर्लोनेच विकत घेतलं. झकास बंगला झाला असता. त्याने केलं ‘गथ्री सेंटर’! दार सगळ्या धर्मांसाठी उघडं. नामवंतांच्या मैफली होतात, तशी ‘हूटनॅनी’च्या रात्री गावातली हौशी मंडळीही गिटार घेऊन स्टेजवर चढतात. थँक्सगिव्हिंगचं जेवण तर फुकट.

माझ्या गावच्या देवळाच्या सभामंडपात पूर्वी कीर्तनं व्हायची, नाटकं बसायची. आता जत्रा सोडली तर कुलूप. रंगरंगोटी मात्र दरवर्षी होते. जुन्या वास्तूला रंगापेक्षा माणसांची गरज जास्त असते, नाही का?