पुरातत्त्वीय क्षेत्रप्रशिक्षण

पुरातत्त्वीय क्षेत्रप्रशिक्षण म्हणजे विद्यापीठीय विद्यार्थ्यांना उत्खननस्थळी किंवा सर्वेक्षणात प्रत्यक्ष कामातून दिले जाणारे शिक्षण होय. उत्खननात काढलेला मातीचा थर पूर्ववत करता येत नाही. नोंद चुकल्यास पुरावा कायमचा नष्ट होतो. त्यामुळे या विषयात केवळ ग्रंथाभ्यास पुरेसा मानला जात नाही.

इतिहास
मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४४ साली तक्षशिला येथे प्रशिक्षण शिबिर घेतले. ब्रजबासी लाल हे त्याच शिबिरात शिकले. महाराष्ट्रात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ह. धी. सांकलिया यांनी ही परंपरा रुजवली. या संस्थेने घोड नदीकाठच्या इनामगाव (ता. शिरूर) या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन १९६८ ते १९८३ या काळात केले. तेथे घरांच्या जमिनीखाली तोंडाशी तोंड जोडलेल्या कुंभांत बालकांची दफने आढळली.

स्वरूप
विद्यार्थी खड्ड्यांची आखणी, थरांची ओळख, खापरांची धुलाई व वर्गीकरण, आरेखन, छायाचित्रण आणि दैनंदिन नोंदी शिकतात. उत्खननास केंद्र शासनाची मान्यता लागते. म्हणून विद्यापीठे, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण किंवा राज्य पुरातत्त्व विभाग यांच्या अधिकृत पथकातूनच सहभागी होता येते. कामाचा हंगाम साधारणतः पावसाळ्यानंतर सुरू होतो.