दुकानात सीसीटीव्ही घेताय? आधी हार्डडिस्कचा हिशेब मांडा

विकणारा मेगापिक्सेल सांगत सुटतो. तुम्ही विचारा, रेकॉर्डिंग किती दिवस राहणार?

🔹 २ मेगापिक्सेलचा कॅमेरा २ एमबीपीएसने चोवीस तास चालला, तर दिवसाला साधारण २२ जीबी जागा खातो. चार कॅमेरे नि १ टीबी डिस्क म्हणजे जेमतेम ११ दिवस; मग जुनं पुसून नवं चढतं. महिनाभर हवं तर ३ टीबी धरा.

🔹 २.८ एमएमची लेन्स अख्खं दुकान दाखवते, पण लांबचा चेहरा ओळखू येत नाही. गल्ल्यावर ६ एमएम बरी.

🔹 दारातून ऊन येतं? कॅमेऱ्यात उजेड-सावली दोन्ही सांभाळणारं डब्ल्यूडीआर हवंच, नाहीतर आत येणारं गिऱ्हाईक नुसतं काळं दिसतं.

🔹 कॅमेरे आणि रेकॉर्डिंग साठवणारा डीव्हीआर यूपीएसवर ठेवा. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.