मांडी घालण्याचे दहा टक्के

घराची किल्ली हातात घ्या. कुलपात फिरवताना धरतो तशी, अंगठा आणि तर्जनीची कड यांच्यामध्ये धरा. जमलं? पाच गुण. आता भाजीची पिशवी बोटांच्या आकड्यात अडकवून उचला. आणखी पाच. अंगठ्याचं टोक उरलेल्या चार बोटांच्या टोकांना एकेक करून टेकवा; प्रत्येक बोटाचे दोन, म्हणजे आठ. एक जाड आणि एक बारीक नळकांडं मुठीत धरा, मग एक मोठी आणि एक लहान गोल वस्तू. प्रत्येकाचे तीन, म्हणजे बारा. करा बेरीज. बरोब्बर तीस!

ही परीक्षा मी घरी बसून रचलेली नाही. केंद्र सरकारने २००१ साली राजपत्रात छापलेल्या सूचनांमधली आहे. माणसाचं अपंगत्व 'किती टक्के' हे डॉक्टरांनी कसं ठरवायचं, ते त्यात लिहिलंय. फरक इतकाच की तिथे गुण उलटे मोजतात. किल्ली धरता आली नाही, तर पाच टक्के चढले.

पकडीचे तीस झाले. पुढे? पुढचे तीस स्पर्शाचे. अंगठ्याच्या बाजूची जाणीव गेली तर नऊ, तर्जनीची सहा, बाकी तिघींची पाच-पाच. शेवटचे तीस ताकदीचे: मुठीचे वीस, चिमटीचे दहा. असा एक हात नव्वदांत मावतो. आणि अधू झालेला हात नेमका तुमचा रोजचा, घास घेणारा हात असेल, तर वर चार टक्के जास्त. उजव्या-डाव्याचाही विचार केलाय!

पण मी खरा थक्क झालो तो दंडापासून मनगटापर्यंतच्या भागाची परीक्षा वाचून. तिथे दहा कामं दिली आहेत, प्रत्येकाचे नऊ. उंचावरची वस्तू काढून परत तिथेच ठेवणं. नाकाला हात लावणं. सदरा किंवा कुडता अंगात घालणं. गुंडी लावणं. केस विंचरून वेणी घालणं. पेलाभर पाणी पिणं. लिहिणं. शौचाची स्वच्छता. भारतीय पद्धतीने जेवणं, म्हणजे हाताने कालवून घास तोंडात घालणं. आणि दहावं काम म्हणजे नाडी बांधणं किंवा धोतर नेसणं. सरकारी राजपत्रात नाडी! ज्या कुणी ही यादी केली, त्याने परदेशी पुस्तक समोर ठेवून नक्कल केली नाही. आपला माणूस सकाळी उठल्यापासून हाताने काय काय करतो, हे त्याने बघितलं होतं.

पायांचंही तसंच. सपाटीवर चालणं, उतारावर चालणं, जिने चढणं, दोन्ही पायांवर उभं राहणं, फक्त अधू पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघे टेकणं, वळणं. नऊ कामं, प्रत्येकाचे दहा, एकूण नव्वद. मांडी घालता येत नाही, म्हणून दहा टक्के. जिथे सगळे खुर्चीवरच बसतात अशा देशात हे कुणाला सुचलं असतं?

शरीराला आकडे लावायची ही हौस मात्र आजची नाही. इंग्लंडातल्या केंटचा राजा एथेलबर्ट याने इसवी सन ६०० च्या सुमारास कायदा केला. त्यात कुणाचा अंगठा तोडला तर वीस शिलिंग दंड, नुसतं अंगठ्याचं नख उडवलं तर तीन. मधल्या बोटाला फक्त चार, करंगळीला मात्र अकरा! आता आपल्याकडचा १९२३ चा कामगार भरपाईचा कायदा उघडा. अंगठा ३० टक्के, तर्जनी १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. आणि २००१ च्या सूचना? अंगठा मुळापासून गेला तर पुन्हा ३०, तर्जनी १५, मधलं बोट एकदम ५ वर, अनामिका ३ आणि करंगळी २. बोटं तीच. राजा बदलला, कायदा बदलला, की त्यांचे भाव बदलतात. भाव हलला नाही तो अंगठ्याचा. या सूचनांच्या हिशेबाने एकलव्याने तीस टक्के दिले. सवलती चाळीसपासून सुरू होतात, म्हणजे त्याला सवलतीची एसटीसुद्धा मिळाली नसती.

१९२३ च्या त्या कायद्यात एक गमतीदार माप आहे. हात कोपराच्या टोकापासून ११.४३ सेंटिमीटर खाली तुटला तर अमुक टक्के. अकरा पूर्णांक त्रेचाळीस शतांश! हाड मोजायला इतकी बारीक पट्टी कुणी लावली? कुणीच नाही. मूळ माप साडेचार इंचांचं. देशाने मेट्रिक स्वीकारलं तेव्हा कारकुनाने इंचांचे सेंटिमीटर केले, आणि एका ढोबळ अंदाजाला दोन दशांश स्थळांचा दिमाख आला.

आता एक कोडं. एका माणसाचं हाताचं नुकसान साठ टक्के आणि पायाचं तीस. एकूण किती? नव्वद म्हणाल, तर चुकलात. सूत्र असं आहे: मोठा आकडा, अधिक लहान आकडा गुणिले (नव्वद वजा मोठा आकडा) भागिले नव्वद. साठ अधिक दहा, म्हणजे सत्तर. हे असं का? नागलीची एक भाकरी घ्या. पहिल्या दुखापतीने तिचा दोन तृतीयांश भाग खाल्ला. दुसरी दुखापत आली, तिला अख्खी भाकरी मिळत नाही. उरलेल्या तुकड्याचाच एक तृतीयांश मिळतो. म्हणून कितीही दुखापती झाल्या तरी बेरीज भाकरीबाहेर जात नाही. अमेरिकेतही माजी सैनिकांचा हिशेब याच चालीने होतो: ५० आणि ३० मिळून ८० होत नाहीत, ६५ होतात, आणि मग जवळच्या दहावर नेऊन ७०. तिथे सैनिकाला नव्या व्यवसायाचं प्रशिक्षण हवं असेल तर निदान १० टक्के पदरात असावे लागतात.

सैनिकांचा विषय निघाला, तर महाराष्ट्राला फार लांब जायला नको. पहिल्या महायुद्धातून हिंदी जवान हात-पाय गमावून परत येऊ लागले, तेव्हा १९१७ मध्ये मुंबईत गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने त्यांना नवे धंदे शिकवणारी शाळा निघाली. पुढे ती पुण्याजवळ खडकीला गेली. क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ती हीच. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यातच कृत्रिम अवयव केंद्र उभं राहिलं. इथे प्रश्न उलटा होतो, हे माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं आश्चर्य. टक्के ठरवणारं मेडिकल बोर्ड विचारतं, काय गेलं? खडकीची शाळा विचारते, काय उरलं आणि त्यातून कोणता धंदा उभा राहील?

उरलेल्यातून काय होतं याचं उत्तर सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी दिलं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून या जवानाचं कमरेखालचं अंग लुळं पडलं. आधी ते बॉक्सिंग करायचे. आता पोहायला लागले. १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइलला भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णपदक त्यांनी आणलं. पोहण्याचा रकाना कुठल्या बोर्डाच्या फॉर्मवर असणार?

लष्कराच्या पेन्शनमध्ये टक्क्यांचं गणित आणखी चकित करतं. आधी हे ठरतं की दुखणं सेवेमुळे झालं किंवा वाढलं का. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर जवान धडधाकट होता असंच धरायचं. उलटं सिद्ध करायचं ओझं सरकारवर. मग आकडा. वीसच्या खाली सहसा काही नाही. वीस गाठले की पायऱ्या लागतात: पन्नासच्या आत असाल तर हिशेब पन्नासचा, पन्नास ते पंचाहत्तर असाल तर पंचाहत्तरचा, त्याच्या वर पूर्ण शंभराचा. म्हणजे ४९ आणि ५० मध्ये अंतर एका टक्क्याचं नाही, पंचवीसचं! ही सवलत आधी फक्त दुखण्यामुळे सेवेतून काढलेल्यांना होती. सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही ती द्या, असं न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं.

आता हे सगळं आकडेशास्त्र घेऊन पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याला चला. इथे सपाट काय आहे? रस्ता घाटाचा, वस्त्या टेकाडांवर, नागली आणि वरई पेरायची ती वरकस उतारावर. उन्हाळ्यात विहीर खाली आणि घर वर. आठवतात का पायाच्या परीक्षेतले 'उतारावर चालणं' याचे दहा गुण, नव्वदांपैकी? दादरला राहणाऱ्याला हे प्रमाण पटेल. मोखाड्यातल्या बाईला ज्या दिवशी उतार चालता येत नाही, त्या दिवशी पाणी नाही, आवणी नाही, सरपण नाही आणि बाजारही नाही. यादीला मांडी माहीत आहे, धोतर माहीत आहे, पण तिच्या पायाखालची जमीन माहीत नाही. दिवाळीनंतर इथून कितीतरी कुटुंबं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात. तिथे तर दिवसभर उकिडवं बसणं आणि ओझं वाहणं, याखेरीज दुसरं कामच नसतं.

न्यायालयांना हे कळलंय. १९७५ च्या एका निकालात प्रश्न एका सुताराचा होता. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. १९२३ च्या कायद्यातला तक्ता शंभरपेक्षा कमी सांगत होता. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून याची कमाईची ताकद शंभर टक्के गेली. २०१० मध्ये अपघात-भरपाईच्या खटल्यात त्याच न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं: हात गेल्यावर ड्रायव्हरचं सगळं जातं, टेबलावरच्या कारकुनाचं कदाचित काहीच नाही, तेव्हा शरीराचा टक्का आणि कमाईचा टक्का एक समजू नका. मात्र ही मुभा भरपाईच्या खटल्यात. अपंगत्वाच्या दाखल्यावर जो आकडा येतो तो शरीराचाच, मग माणूस बँकेत बसो की वरईच्या शेतात वाको.

जव्हार-मोखाड्याच्या भागात आणखी एक अवघड गोष्ट आहे, रक्तातली. सिकलसेलचा आजार आदिवासी समाजांमध्ये जास्त आढळतो. वरून माणूस ठणठणीत दिसतो. मग एके दिवशी सांधे असे दुखतात की हलता येत नाही. याला सांध्याची हालचाल मोजणारं कोनमापक कुठे लावणार? १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि त्यात हा आजार नव्हताच. २०१६ च्या कायद्याने प्रकार एकवीस केले, त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आले. मोजण्याच्या सूचना २०१८ मध्ये नव्या निघाल्या, २०२४ मध्ये पुन्हा सुधारल्या. न दिसणाऱ्या दुखण्याला टक्का लावता येतो, हे मान्य व्हायलाच इतकी वर्षं गेली.

आणि शेवटी तो चाळीस. सरकारी नोकरीतलं चार टक्के आरक्षण, उच्च शिक्षणातलं पाच टक्के, एसटीची सवलत, सगळ्यांचं दार इथे उघडतं. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर तीस टक्के, म्हणजे दाराबाहेर. अपंगत्वाच्या ओळखपत्रावरची, म्हणजे युडीआयडी कार्डावरची, पट्टीसुद्धा हेच सांगते: चाळीसच्या खाली पांढरी, चाळीस ते एकोणऐंशी पिवळी, ऐंशीपासून निळी. ऑगस्ट २०१४ मध्ये पालघर जिल्हा होण्याआधी जव्हारकरांचं जिल्ह्याचं ठिकाण ठाणं होतं. अधू पायाने उतार उतरून, एसटी बदलत ठाण्याला जायचं, ते पाय अधू आहे हे सिद्ध करायला!

तेव्हा तुमच्या घरात, पाड्यावर, ओळखीत कुणाच्या हातात असा दाखला असेल तर तो एकदा नीट वाचा. आकडा कुठल्या कामांवरून आला ते डॉक्टरांना विचारा. तपासणीला जाल तेव्हा धोतर, नाडी, वेणी, उकिडवं बसणं, यातलं काय जमत नाही ते लाजून लपवू नका, कारण टक्के तिथेच आहेत. आकडा पटला नाही तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. आणि एकदा मिळालेला दाखला मोखाड्यात जितका चालतो तितकाच देशभर चालतो.